गर्भाशय काढताना बीजांडकोशही काढायचे का?

चाफा
"आता मूलबाळ व्हायचं नाही, मग ओव्हरीज (बीजांडकोश) ठेवून करायचंय काय?" गर्भाशय काढायची वेळ आली की हे हमखास ऐकू येतं, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. फायब्रॉइड (कॅन्सर नसलेल्या गाठी) किंवा अतिरक्तस्राव हे गर्भाशयाचं दुखणं आहे. पाळी अजून चालू असेल आणि बीजांडकोश निरोगी असतील, तर त्यांना हात का लावायचा? बदामाएवढी, जेमतेम ३ सेंटिमीटरची ही जोडी फक्त दर महिन्याला बीज सोडत नाही. हाडांची बळकटी, रक्तवाहिन्या, झोप, योनीमार्गाची ओल, सगळ्याला तिचंच इस्ट्रोजेन हे संप्रेरक लागतं. रजोनिवृत्ती आपसूक येते तेव्हा ते काही वर्षांत ओसरतं. शस्त्रक्रियेत एका दिवसात जातं. मग गरमीच्या लाटा आणि रात्र रात्र जागरण त्या बाईच्या वाट्याला येतं.

रानवारा
पटलं नाही. माझ्या मावशीचं गर्भाशय चाळिशीत काढलं, ओव्हरीज ठेवल्या. साठीत ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तोही पोटात पाणी साठल्यावर. गर्भाशयमुखासाठी पॅप चाचणी आहे, स्तनांसाठी मॅमोग्राफी आहे. ओव्हरीसाठी काय आहे? ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. जे वेळेत सापडतच नाही, ते ऑपरेशन चालूच असताना काढून मोकळं व्हावं.

चाफा
मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण घराण्यात हा आजार नसलेल्या बायकांत तो आयुष्यभरात १०० पैकी एखाद-दुसरीलाच होतो. हृदयविकारानं त्याच्या कितीतरी पट बायका जातात. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत गर्भाशय काढलेल्या बायकांचा २४ वर्षं पाठपुरावा केला. २००९ चा निष्कर्ष असा, की ओव्हरीजही काढलेल्यांत ओव्हरीचा कॅन्सर घटला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू वाढलेले दिसले.

रानवारा
तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्यांच्या ओव्हरीज काढल्या त्यांची तब्येत आधीच वेगळी असू शकते. आणि इस्ट्रोजेन बाहेरून देता येतं की.

तिन्हीसांज
तुम्ही दोघीही बीजवाहिन्या विसरताय. ज्याला आपण ओव्हरीचा कॅन्सर म्हणतो, त्यातल्या सर्वांत घातक आणि जास्त आढळणाऱ्या प्रकाराची सुरुवात बऱ्याचदा बीजवाहिनीच्या टोकाशी, ओव्हरीवर झुकलेल्या झालरीत होते. म्हणून हल्ली बरेच सर्जन नळ्या काढतात आणि ओव्हरीज ठेवतात. ओव्हरीची मुख्य धमनी थेट महाधमनीतून येते, त्यामुळे गर्भाशय गेलं तरी तिला रक्त मिळत राहतं. हां, गर्भाशयाच्या धमनीकडून येणारी फांदी मात्र तुटते. म्हणून ठेवलेल्या ओव्हरीजही थोड्या लवकर थकू शकतात. चाफा, हे तुमच्या बाजूनं कुणी बोलत नाही.

चाफा
मान्य, हे सांगायलाच हवं. तरी थोडं लवकर थकणं आणि त्याच दिवशी बंद पडणं यात फार अंतर आहे. आणि रानवारा, इस्ट्रोजेन सगळ्यांना चालत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला डॉक्टर सहसा ते देत नाहीत. ज्यांना चालतं, त्यांनीही ते नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत नेटानं घ्यायला हवं. बीआरसीए-१ या जनुकात घराण्यातून आलेला दोष असेल तर गोष्ट निराळी. तिथे ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका १०० त सुमारे ४० पर्यंत जातो, आणि मूल झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान नळ्या-ओव्हरीज काढायचा सल्ला योग्यच आहे.

रानवारा
तेच तर! मावशीची ती जनुकीय तपासणी कुणी केलीच नव्हती, कितीजणींची होते? तपासणी नाही आणि घरात आजार आहे, तर मी काढण्याच्याच बाजूनं. पाळी जाऊन वर्षं लोटली असतील तर घरात आजार नसला तरीही. 'सांगायलाच हवं' हे मात्र तुमचं घेते: संमतिपत्रावर गर्भाशय, गर्भाशयमुख, नळ्या, ओव्हरीज असं प्रत्येक अवयवासमोर वेगळं लिहून घ्यावं, आणि तेही भूल द्यायच्या आदल्या रात्री नाही, निदान आठवडाभर आधी.