मुंबईतल्या फोर्टच्या जुन्या इमारती पायी बघायच्या आहेत, कुठला वॉक घ्यावा?

अंगणवेल
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं दोन दिवस मुंबईत आहोत. मी, बारावीतली लेक आणि माझे सासरे (वय ७४, चालतात छान, पण तासभर सलग उभं राहवत नाही). लेकीला आर्किटेक्चरला जायचंय, त्यामुळे म्युझियम, चौपाटी वगैरे सगळं बाजूला ठेवून हे दोन दिवस इमारती बघण्यासाठीच राखले आहेत.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात असाच वॉक घेतला आणि पस्तावलो. चाळीसएक माणसं, हातात कर्णा घेतलेला गाईड, दोन तासांत अठरा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी भुताची नाहीतर खजिन्याची गोष्ट. लेकीनं विचारलं, "ही कमान टोकदार का आहे?" तर उत्तर मिळालं, "पुढे चला, उशीर होतोय." ती त्यानंतर दिवसभर गप्प होती. तो प्रकार पुन्हा नको.

कुठला भाग घ्यावा, गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं, वेळ कुठली, सगळं सांगा. सासऱ्यांना झेपेल असंच हवं.

पायपीट
ताई, दोनच दिवस असतील तर फाटे फोडू नका. ओव्हल मैदान धरा. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती (टोकदार कमानी, दगडातलं कोरीवकाम) आणि समोर पश्चिमेला १९३०च्या दशकातली आर्ट डेको घरं (काँक्रीटची, वळणदार कोपरे आणि आडव्या पट्ट्यांची), मध्ये मोकळं गवत. मैदानाच्या मधोमध उभं राहून नुसती मान वळवली की साठ-सत्तर वर्षांचं अंतर दिसतं. याच परिसरातल्या ९४ इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

आता वेळेचं. बहुतेक वॉक सकाळी असतात आणि गॉथिक बाजूपासून सुरू होतात. पण हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, जुनं सचिवालय या सगळ्यांचं मैदानाकडचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ते सावलीत असतं, कोरीवकाम काळपट दिसतं. याउलट समोरच्या आर्ट डेको घरांवर सकाळचं ऊन थेट पडतं. म्हणून सकाळी डेको बघा, दुपारी विश्रांती घ्या आणि साडेतीन-चारला गॉथिक बाजूला या. डिसेंबरातलं तिरपं ऊन त्या दगडावर पडलं की प्रत्येक पान, प्रत्येक चेहरा सुटा दिसायला लागतो. मी हे तीनदा मुद्दाम तपासलंय.

आणि लेकीला हेही सांगा, की या इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्या पुढ्यात समुद्र होता. भराव घालून तो मागे सरला, तेव्हा त्या जागेवर डेको घरं उभी राहिली. हे कळलं की गॉथिक इमारती पश्चिमेकडे तोंड करून का उभ्या आहेत ते वेगळं सांगावं लागत नाही.

एकटा_पांथस्थ
माझं मत थोडं वेगळं. गाईड घेऊच नका. चार गोष्टी आधी वाचा, नकाशा घ्या आणि फिरा. हव्या त्या खिडकीसमोर अर्धा तास थांबता येतं. घोळक्यात ते जमत नाही.

कोटातला
एकतीस वर्षं फोर्टात नोकरी केली. रोज याच रस्त्यांवरून गेलो, पण पहिली पंधरा वर्षं मला काहीही दिसलं नव्हतं. एका रविवारी एका जाणत्या बाईंबरोबर दोन तास फिरलो आणि त्यानंतर दिसायला लागलं. म्हणून पांथस्थभाऊंशी सहमत नाही. पहिल्यांदा कुणीतरी दाखवणारं हवं, एकट्यानं फिरणं त्यानंतर.

मात्र दाखवणारा कसा आहे ते ओळखता आलं पाहिजे. माझी एक कसोटी आहे: तो "असं सांगतात" आणि "अशी नोंद आहे" यात फरक करतो का?

उदाहरणं देतो. राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या कापूस व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं, ही नोंद आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लिश वास्तुकाराचा, तो कधी भारतात आलाच नाही, हीही नोंद. काम १८७८ साली पुरं झालं, उंची ८५ मीटरच्या आसपास. पण आई अंध होती आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून तिला टोल ऐकू यावेत अशी घड्याळाची सोय केली, ही सांगोवांगीची गोष्ट. सुंदर आहे, जरूर सांगावी, पण गोष्ट म्हणून सांगावी.

हायकोर्टात डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड कोरलंय. पट्टी एकाच डोळ्यावर आहे. माकड खरंच आहे. ते कुठल्या कंत्राटदारानं कुणावरच्या रागापोटी कोरवून घेतलं, हा किस्सा प्रत्येक गाईडच्या तोंडी वेगळा असतो.

सगळ्यात त्रास देणारी दंतकथा ताज हॉटेलची. आराखडा उलटा बांधला गेला म्हणून परदेशी वास्तुकारानं जीव दिला, असं आजही बिनदिक्कत सांगतात. त्या हॉटेलाचं काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी सुरू केलं, वैद्य वारल्यावर चेंबर्स या इंग्लिश वास्तुकारानं ते पुरं केलं, हॉटेल १९०३ला उघडलं. त्या खोट्या गोष्टीपायी आपल्या एका मराठी माणसाचं नाव लोकांच्या ध्यानातून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तुमचा गाईड वैद्यांचं नाव घेतो का बघा. घेतलं तर निर्धास्त त्याच्या मागे जा.

अंगणवेल
कोटातला काका, ही कसोटी लिहून घेतली. पण गाईड शोधायचा कुठे? दोन-तीन नावं सांगाल का?

रेखाटनवही
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, म्हणून लिहिते. ताई, फक्त डेकोसाठी जायचं असेल तर 'आर्ट डेको मुंबई' ही संस्था. शहरातल्या या शैलीच्या इमारतींची पद्धतशीर नोंद त्यांनी केली आहे आणि त्यांचे वॉक त्या नोंदींवर उभे असतात. 'बॉम्बे हेरिटेज वॉक्स' दोन वास्तुकार मैत्रिणींनी १९९९ साली सुरू केलं, त्यामुळे तिथे इमारतीबद्दल इमारतीच्या भाषेत बोलतात. 'खाकी टूर्स'चे वॉक किश्श्यांनी भरलेले असतात, तुमच्या सासऱ्यांना तेच जास्त आवडतील कदाचित. तिघांकडेही तारीख आधी विचारा, गटात किती माणसं असतील ते विचारा. वीसच्या वर आकडा गेला की मागच्याला काही ऐकू येत नाही. आणि मधे बसायला मिळेल का, हे स्पष्ट विचारायला अजिबात संकोच करू नका.

लेकीसाठी माझा सल्ला: कॅमेरा पिशवीत आणि हातात वही. फोटो काढला की डोळा पुढे सरकतो, रेघ काढायला घेतली की थांबावंच लागतं. डेको बाजूला खिडक्यांवरचे छज्जे काढायला सांग. इमारतीच्या कोपऱ्यावरून न तुटता वळत जाणाऱ्या त्या आडव्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या नाहीत, ऊन आणि पाऊस दोन्ही खिडकीपासून लांब ठेवतात. सिमेंट काँक्रीट हाताशी आलं म्हणूनच अशी वळणं घेता आली. बोटीच्या डेकसारखे कठडे आणि गोल खिडक्या शोध म्हणावं. इमारतींची नावंही बघा, अक्षरं त्याच शैलीत घडवलेली आहेत. एकीचं नाव तर 'कोर्ट व्ह्यू' आहे, समोर हायकोर्ट दिसतं म्हणून!

मैदानाच्या वायव्य कोपऱ्याशी इरॉस चित्रपटगृह आहे, १९३८चं, सोराबजी भेदवार यांचं. लाल दगड आणि मलईच्या रंगाचे पट्टे. आणि शक्य असेल तर महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत चुकवू नका. १९३६ची, मास्टर, साठे आणि भुता यांची. दर्शनी बाजूवर ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या प्रचंड मूर्ती आहेत, कष्टकरी बायाबाप्ये. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी रस्ता ओलांडायचा विसरून तिथेच उभी राहिले. शैली परदेशातून आली, पण त्या अंगाखांद्यांत इथलीच माणसं आहेत.

चुनेगच्ची
बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, पण दगडाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

मुलीला सांगा, आधी दगड ओळखायचा. मुंबईच्या या इमारतींत तीन-चार दगड पुन्हापुन्हा भेटतात. काळानिळा बेसाल्ट, तो आपला नेहमीचा. हायकोर्टाच्या भिंती बघा. मालाडचा पिवळसर दगड, काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीला तो आहे, १८७०चं काम. राजाबाईला कुर्ल्याचा फिकट पिवळट दगड. आणि कोरीवकामासाठी पोरबंदरी, पांढरट, मऊ चुनखडक. बेसाल्टवर छिन्नी चालवून पानंफुलं काढायची म्हणजे हात मोडतील, म्हणून भिंत कठीण दगडाची आणि नक्षी मऊ दगडाची, अशी वाटणी. ही वाटणी एकदा कळली की कुठली इमारत कशी उभी केली ते आपोआप उलगडत जातं.

टोकदार कमानीचं उत्तर तिला त्या गाईडनं दिलं नाही, मी देतो बाळ. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते, रुंदीच्या निम्मी. टोकदार कमानीत तसं बंधन नाही. रुंदी तीच ठेवून उंची हवी तेवढी वाढवता येते. शिवाय ती भार जास्त उभा खाली नेते, बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा कमी होतो. तेवढ्यासाठी ती टोकदार.

आणखी एक बघायला शिकवा. दोन दगडांमधल्या दरजा. जुनं काम चुन्याचं आहे. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. मागाहून कुणी सिमेंटने दरजा भरल्या की ओल अडकते आणि बिचारा दगडच कडेनं झिजतो, पोपडे सुटतात. फोर्टात दोन्ही प्रकार दिसतील. आमच्या पिढीनं, चांगल्या हेतूनं का होईना, पुष्कळ ठिकाणी सिमेंट भरलं. आता ते काढून पुन्हा चुना भरणारे कारागीर काम करताना दिसले तर थांबून बघा, तो सगळ्यात चांगला धडा.

एकटा_पांथस्थ
चुनेगच्ची काका, हे तुम्ही लिहिलंत ते कुठल्या नकाशात मिळालं नसतं. पहिल्या फेरीला माणूस हवा, मान्य.

दुसऱ्या दिवसाचं कुणी सांगितलं नाही. तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला द्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं काम, १८७८ला सुरू, १८८८ला पुरं, २००४ पासून जागतिक वारसा. समोरच महापालिकेचं मुख्यालय, तेही स्टीव्हन्सचंच, १८९३चं. एकाच माणसाच्या दोन इमारती समोरासमोर, मध्ये फक्त चौक. महापालिकेच्या इमारतीत २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी आतून दाखवणारा वॉक सुरू झाला, तो तुमच्या तारखांना आहे का ते आधी विचारून घ्या. स्टेशनात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं कोरीवकाम आहे: मोर, माकडं, पानं. तुमच्या लेकीपेक्षा फार मोठी नसतील ती मुलं तेव्हा. सासऱ्यांना बसायला बाक आहेतच.

पायपीट
स्टेशन रविवारी सकाळी बघा. कामाच्या दिवशी नऊच्या गर्दीत मान वर करून उभं राहणं सुरक्षित नाही.

अंगणवेल
जाऊन आलो. उशिरा लिहितेय, क्षमस्व.

सकाळी डेको, दुपारी विश्रांती, चारला गॉथिक, असंच केलं. सकाळचा वॉक गाईडबरोबर, गटात अकरा जण. त्यांनी स्वतःहून "याला पुरावा नाही, पण लोक सांगतात" असं दोनदा म्हटलं, तेव्हा मी मनात कोटातला काकांना नमस्कार केला. वैद्यांचं नाव मात्र मला विचारावं लागलं. त्यांना माहीत होतं, आणि कुणीतरी विचारलं याचा त्यांना आनंद झाला.

संध्याकाळी आम्ही तिघंच होतो. मैदानातून आरपार जाणाऱ्या वाटेच्या कडेला सासरे बसले, लेक त्यांच्या शेजारी वही घेऊन. ऊन हायकोर्टावर आलं तसं तिनं एकच खिडकी काढायला घेतली. पाऊण तास लागला. सासरे गवंडीकामातलं थोडं जाणतात हे मला लग्नाला वीस वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील विहिरी बांधायचे. ते तिला दगडाचे थर मोजायला सांगत होते आणि दरजांवर बोट दाखवून "हा चुना, हे सिमेंट" करत होते. चुनेगच्ची काका, तुमचा प्रतिसाद मी त्यांना आदल्या रात्री वाचून दाखवला होता.

स्टेशन पुरतं बघून झालं नाही. घुमटापर्यंत नजर पोचायच्या आत गाडीची वेळ झाली.

एक प्रश्न राहिला. विद्यापीठाच्या सभागृहाची मोठी गोल खिडकी बाहेरून पाहिली. आतून बघण्यासारखी आहे का?

रेखाटनवही
आहे! त्या गोलाच्या कडेला काचेत बारा राशी आहेत. पण आत जायला परवानगी लागते, पुढच्या वेळी आधी पत्र देऊन या. आणि जमलं तर पाऊण तासातली ती खिडकी इथे टाका ना, बघायची आहे.