बोटीचा खर्च टाळायचा असेल तर बोनेअर
कॅरिबियन बेटांवरील डायव्हिंग बोटीच्या भाड्यामुळे परवडत नाही, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा योग्य आहे. परंतु दक्षिण कॅरिबियनमधील बोनेअर या बेटाला तो फारसा लागू होत नाही. तेथील पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असून प्रवाळ इतके जवळ आहेत की डायव्हिंगची जागा दाखवणारा रस्त्याकडेचा पिवळा दगड पाहून पिकअप थांबवावी, हवेची टाकी पाठीवर घ्यावी आणि सरळ पाण्यात उतरावे. गाडी व स्वयंपाकघर असलेले घर चौघांत वाटून घेतल्यास खर्च बराच उतरतो. चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर असल्याने कमी दरांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही जाता येते. १९७९ साली स्थापन झालेल्या सागरी उद्यानाचे शुल्क मात्र आनंदाने भरावे, कारण ते प्रवाळ त्याच संरक्षणामुळे टिकले आहेत. गाडीत मौल्यवान वस्तू अजिबात ठेवू नयेत.