वॉलनट बॉडी घेऊ की मेपल? पाच तारांचा बास करून घेतोय

खर्जवाला_पुणे
नमस्कार मंडळी, एका लुथियरकडून (गिटार बनवणारा कारागीर) पाच तारांचा बास गिटार करून घेतोय, 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन जॅझ पिकअप (तारेचं कंपन पकडणारी चुंबकं). नेक (गिटारचा लांब दांडा) मेपलचा हे नक्की आहे, पण बॉडीवर गाडी अडलीये, त्याच्याकडे वॉलनट म्हणजे अक्रोड पण आहे आणि हार्ड मेपल पण. नेटवर जिथे बघावं तिथे वॉलनट वॉर्म आणि मेपल ब्राइट एवढंच लिहिलेलं असतं, का ते कुणीच सांगत नाही. मी जास्त करून बोटांनी वाजवतो, थोडं स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका), आणि सगळ्यात खर्जाची 'बी' (B) तार स्पष्ट ऐकू यायला हवी ही मुख्य गरज. शिवाय तो म्हणतोय नेकमध्ये वॉलनटच्या पट्ट्या घालू, त्याने आवाजात काही होतं का नुसतं दिसायला छान?

सोल्डरची_वास्तू
आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त वर हलणारी स्टीलची तार कळते. अकूस्टिक गिटारमध्ये लाकूड स्वतः हवा हलवतं, इथे लाकडाचं काम उलटं आहे, तारेची थोडी ऊर्जा ते खातं आणि कुठल्या स्वरावर किती खातं तेवढाच त्याचा वाटा. ठोकळ्यासारख्या जाड बॉडीत तो वाटा लहान असतो.
बासवादक मार्कस मिलरचा 1977 चा फेंडर कंपनीचा जॅझ बास घ्या. लोक म्हणतात अॅश लाकडाची बॉडी आणि मेपलचा फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची फळी) म्हणून तो आवाज. पण सत्तरच्या दशकात फेंडरने ब्रिजकडचा (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) पिकअप ब्रिजच्या आणखी जवळ सरकवला होता, वर त्या बासमध्ये नंतर प्रीअँप (आवाज घडवणारं सर्किट) बसवलाय, ब्रिज बदललाय, आणि शेवटी अंगठा त्याचा आहे. यात बॉडीच्या लाकडाचं श्रेय वेगळं काढायचं तरी कसं? तुमच्या लुथियरला पिकअप नेमके कुठे बसवणार ते विचारा, मला तर लाकडापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा वाटतो.

सागवान_ते_मेपल
वरचं बॉडीबद्दल पटलं, पण नेकला त्याच मापाने मोजू नका. नेक लांब आणि बारीक, तो खरंच डोलतो, आणि त्याची स्वतःची कंपनं एखाद्या स्वराशी जुळली की तो स्वर पटकन मरतो. 'जी' (G) तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आसपास बऱ्याच बासवर हा डेड स्पॉट सापडतो, तुमच्या आत्ताच्या बासवर करून बघा. नेक जितका ताठ तितकं बरं, आणि तिथे हार्ड मेपल उत्तम.
वॉलनटच्या पट्ट्यांबद्दल, त्याने आवाज वॉर्म होतो असं मी म्हणणार नाही. पण वेगवेगळ्या फळ्या लाकडाच्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवल्या की नेकला पीळ पडायची भीती कमी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैची ओल यात नेक किती फिरतो ते तुम्हाला माहितीच असेल. मेपल ओलाव्याने वॉलनटपेक्षा जास्त फुगतं-आकसतं, त्यामुळे लाकूड नीट सीझन केलेलं (वाळवून मुरवलेलं) आहे का आणि फिनिश मागूनपुढून सगळीकडे लागलंय का हे बघून घ्या. फेंडरच्या एकसंध मेपल नेकमागे जी काळपट पट्टी दिसते ती वॉलनटचीच, पण ती ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणारी आतली लोखंडी सळई) खाच बुजवायला.
फ्रेटबोर्ड मात्र वॉलनटचा नको, मेपलपेक्षा बरंच मऊ पडतं, राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारांखाली लवकर झिजेल.

अँप_बंद_करून_ऐका
मला फरक जाणवतो आणि तो मी सोडून देणार नाही. अँपशिवाय वाजवताना बॉडी पोटाला लागलेली असते, मेपलमध्ये ठोका कडक येतो, वॉलनटमध्ये जरा गोल. रेकॉर्डिंगवर डोळे मिटून ओळखू शकेन असा दावा नाही, रिकनबॅकर कंपनीचा मेपलचा 4003 बास आणि वॉलनटचा 4003डब्ल्यू दोन्ही ऐकले की आधी रिकनबॅकरच ऐकू येतो. पण हातात जे जाणवतं त्यावर आपण वाजवतो कसं हे ठरतं, म्हणून ते मला खरं वाटतं.

खर्जवाला_पुणे
खूप धन्यवाद सगळ्यांना. मग बी तारेसाठी नेमकं काय करू? आणि वजनाचं काय, दोन-दोन तास उभं राहून वाजवावं लागतं.

सोल्डरची_वास्तू
बी म्हणजे जवळपास 31 हर्ट्झ, तो मूळ स्वर बहुतेक स्पीकर कॅबिनेट धड देतच नाहीत, आपण ऐकतो ते त्याच्या वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर), म्हणून तार नवी आणि नेक ताठ हवा. अजून लाकूड कापलं नसेल तर 35 इंची स्केलचा विचार करा, त्याच तारेला ताण साधारण 6 टक्के वाढतो.

सागवान_ते_मेपल
वजनावरच निकाल लागतो बघा. हार्ड मेपल लिटरला सातशे ग्रॅमच्या आसपास, ब्लॅक वॉलनट सहाशेच्या. बॉडी चार-साडेचार लिटरची धरली तर मेपल चारशेएक ग्रॅम जड, आणि ते सगळं एका खांद्यावर. वॉलनट घ्या, नेक मेपलचा ठेवा. फक्त लुथियर कुठलं वॉलनट म्हणतोय ते विचारा, काश्मिरी अक्रोड का अमेरिकन ब्लॅक, आणि फळी स्वतः वजन करून निवडा, एकाच जातीत सुद्धा फळीफळीत बराच फरक निघतो.