शेतात राबलेले काका-मामा : तुमच्या आठवणी

बांधावरचा
यंदा ऑक्टोबर छाटणीला निफाडला गेलो होतो. द्राक्षबागेत चुलतभाऊ मजुरांना कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे ते सांगत होता आणि त्याचा सूर थेट तात्यांचा लागला, म्हणून हे लिहावेसे वाटले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या भोकरी आणि फकडी या जुन्या द्राक्षजातींच्या वेली ज्यांनी सांभाळल्या, त्या पिढीतले ते होते. पुढे तारांचा मांडव आणि थॉम्पसन ही नवी जात आली तेव्हा त्यांनीही बाग बदलली. मात्र कोणतेही नवे औषध आधी एका ओळीवर मारून पाहिल्याशिवाय ते बाकीच्या बागेला लावत नसत. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर द्राक्षांचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये हाती आले की आम्हा भावंडांची जूनमधली फी तात्या आधी बाजूला काढून ठेवत आणि खताच्या दुकानाची उधारी त्यानंतर फेडत. दुकानदार त्यावरून कुरकुर करत असे, हे आम्हाला फार उशिरा कळले. आपल्याही घरी असे कोणी असतील, तर त्यांच्याविषयी जरूर लिहावे.

येवलेकरीण
आमचे मामा कांदावाले. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा आणि भाव चढेपर्यंत धीर धरायचा, हे त्यांनी साऱ्या गावाला शिकवले. पण माझे लग्न ठरल्यावर त्यांनी पडत्या भावात सगळा कांदा लासलगावला नेऊन विकला. पुढे दिवाळीच्या सुमारास भाव चांगलाच वाढला. मामीने तो हिशेब अजून मिटवलेला नाही.

जुनी पंचवटी
तात्यांना नमस्कार. पांगाऱ्याची बाग मीही लहानपणी पाहिली आहे. त्या झाडाला काटे असल्यामुळे आम्हा पोरांपासून द्राक्षे बऱ्यापैकी सुरक्षित राहत असत.

मोसमकाठ
काका आमच्या गावच्या फडाचे, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतीचे, पाटकरी होते. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या वावराला केव्हा द्यायचे, हे त्यांच्या हाती असे आणि नदी आटत आली की प्रत्येक जण आपली ओळख सांगत येई. माझ्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाने, एकदा आधी पाणी मागितले, तेव्हा काकांनी सरळ नकार दिला आणि रात्री आमच्याच घरी जेवायला आले. वडील घुश्शात होते, पण काकांनी मला मांडीवर घेऊन निवांत जेवण केले. मला मात्र ते रात्रीच्या बारीवर, म्हणजे पाणी देण्याच्या पाळीवर, कंदील धरायला सोबत नेत. बारे कसे धरावे, कोणत्या पिकाला पाणी किती लागते, हे मी पुस्तकाआधी त्यांच्याकडून शिकलो.

नांदूरची लेक
1972 च्या दुष्काळात काका खडी फोडायच्या कामावर जात आणि तिथे मिळणारी सुकडी फडक्यात बांधून आम्हा पुतण्यांसाठी आणत, असे आई सांगते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर आम्ही सगळ्या पुतण्या गेलो, तेव्हा 'मुलगा कोण?' या प्रश्नावर चौघी एकदम पुढे झालो.

बांधावरचा
@नांदूरची लेक, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.
@येवलेकरीण, चाळीतला कांदा सडण्याचीही भीती असतेच, त्यामुळे मामांचा हिशेब अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही, एवढे मामींना कळवावे.

येवलेकरीण
कळवले. त्या वर्षी चाळ तिने स्वतः वरचेवर निवडली होती आणि कांदा उत्तम टिकला होता, असे मामीचे उत्तर आहे.