रि: रि: शूटिंग रेंजची सहल

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात यंग गँगने शूटिंग रेंजवर जायचं का? माझ्या ऑफिसातल्या एकाची मेंबरशिप आहे, बंदूक तिथेच भाड्याने मिळते, शिकवायला माणूस असतो. आणि खरं सांगायचं तर नुसती मजा म्हणून नाही, आपल्या न्यू जर्सीत देशी घरं हेरून सोनं नेतायत हे सगळ्यांना माहितीये, आमच्या मागच्या गल्लीत झालं तेव्हापासून घरात काहीतरी हवं असं बायकोपण म्हणायला लागलीये. येणाऱ्यांनी नावं कळवा. नंतर बिर्याणी.

प्रेषक: प्रसाद

मंदार, बिर्याणीला येतो, रेंजवर नाही. अरे एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर, नोकरी-शिक्षणाच्या यातल्या कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक बाळगणं फेडरल गुन्हा आहे आणि रेंजवरची भाड्याची बंदूक दहा मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वर डिपोर्टेशन. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. गंमत बघ, शिकारीचं लायसन्स काढलं की हा नियम लागू होत नाही! म्हणजे मी हरणं मारायचा कोर्स करून लायसन्स घेतलं तर रायफल धरू शकतो, पण घरी चोर आला म्हणून धरायची म्हटली तर मी गुन्हेगार. बारा वर्षं टॅक्स भरतोय इथे.

प्रेषक: श्रीकांतकाका

प्रसाद म्हणतो ते बरोबर आहे आणि मला ते पटत नाही. अमेरिकेच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याबद्दल शब्द "लोकांचा हक्क" असा आहे, व्हिसा वगैरे काही म्हटलेलं नाही. २००८ साली हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा त्या माणसाचा वैयक्तिक हक्क आहे, त्यासाठी कुठल्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, असायची गरज नाही. मी ८७ साली आलो, तेव्हापासून आपली माणसं बंदूक म्हटली की नाक मुरडतात. अरे, ब्रिटिशांनी १८७८ साली आर्म्स ॲक्ट आणून आपल्याला निःशस्त्र केलं, गोऱ्यांना त्यातून सूट होती, आणि सुरुवातीच्या काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले होते. ते आपण विसरलो आणि नुसते लायसन्ससाठी लाचार झालो.

आमच्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, शेतात डुक्कर आणि माकडं यायची म्हणून. जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असायची. दसऱ्याला खाली काढून नळीला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा करायची, त्याची पावती आजी डब्यात लग्नपत्रिकांबरोबर ठेवायची. पूजा करायला माझी, मतदानाच्या वेळी सरकारची. हा कसला हक्क?

प्रेषक: अनघा

काका, मला तर तुमच्या आजीचा डबा फार आवडला. हीच व्यवस्था मला शहाणपणाची वाटते.

हेलरचा निकाल लिहिणारे जस्टिस स्कालिया, यांच्याइतका बंदूकवाल्यांच्या बाजूचा माणूस शोधून सापडणार नाही, त्यांनीच त्याच निकालात लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगार आणि मनोरुग्णांवरची बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींतली बंदी याला आम्ही हात लावत नाही. मग २०२२ साली सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन खटल्याचा निकाल आला, त्याने सगळं हलवलं, आता कुठलाही नियम टिकवायचा तर इतिहासात त्याला जोड दाखवावी लागते. त्याआधी न्यू जर्सीत पिस्तूल बाळगत बाहेर फिरायचा परवाना साध्या माणसाला मिळणं जवळजवळ अशक्यच होतं, तुमची खास गरज सिद्ध करा म्हणायचे, आता ती अटच गेली. पण २०२४ मध्ये रहिमी खटल्यात त्याच कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की घरगुती हिंसेबद्दल कोर्टाने ज्याला दूर राहायचा आदेश दिलाय आणि जो धोकादायक ठरलाय त्याची बंदूक काढून घेता येते. एकटे जस्टिस थॉमस विरोधात. म्हणजे काका, "लोक" शब्दाच्या आतही कोण बसतं हे कोर्टच ठरवतंय, आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही.

मी लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते. तपासणीला आलेल्या पालकांना आम्ही कार सीट, हेल्मेट विचारतो तसंच घरात बंदूक आहे का हेही विचारतो. देशी आईबाबा हसतात. मध्ये एक बाबा हसले नाहीत. म्हणाले, आहे, कपाटात, साड्यांच्या खाली. भरलेली आहे का विचारलं तर बायकोकडे बघितलं त्यांनी. तिला माहीतच नव्हतं. मुलगा सात वर्षांचा, तिथेच खुर्चीवर बसून शू लेस बांधत होता. आपल्या राज्यात १६ वर्षांखालचं मूल भरलेल्या बंदुकीपर्यंत पोचू शकलं तर ठेवणाऱ्यावर गुन्हा आहे, पण हे त्या बाबांना दुकानात कुणी नीट सांगितलं असावं असं वाटलं नाही.

मंदार, रात्री दोन वाजता चोर आला तर तू कुलूप उघडून, गोळ्या भरून, चष्मा शोधून जिन्यावर पोचेपर्यंत तो गेलेला असेल. आणि कुलूप न लावता ठेवलीस तर आर्यन पाच वर्षांचा आहे.

प्रेषक: श्रीकांतकाका

अनघा, आर्यनचा मुद्दा मान्य. तिजोरीत ठेवायची, त्यात वाद नाही. पण प्रसादचं काय? रहिमीने गर्लफ्रेंडच्या बाबतीत काहीतरी केलं होतं म्हणून त्याचं हत्यार गेलं, प्रसादने काय केलं? एच-वन घेतला एवढंच.

प्रेषक: अनघा

त्याला माझ्याकडे उत्तर नाही काका. शिकारीची सूट तर मलाही हास्यास्पद वाटते.

प्रेषक: मंदार

मंडळी, आठ नावं आली होती, त्यातले पाच व्हिसावर, एक जण विचारतोय सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूच्या आधी गेलं तर चालेल का. सहल रद्द. बँकेच्या लॉकरची चौकशी केली तर वेटिंग लिस्ट आहे म्हणे, बायको मंगळसूत्र सोडून बाकी सगळं सासूबाईंबरोबर पुण्याला पाठवतीये.

बिर्याणी मात्र आहे. काका, तुमच्या हातच्या सोलकढीचं कबूल करून बसलोय सगळ्यांना, सॉरी, आधी विचारायचं राहिलं.