‘निक्षालन’ला बोलीत काय म्हणाल?

समुद्रतळावरच्या धातूंच्या गाठींवरचा एक लेख मराठीत आणतेय. अडलंय ‘लीचिंग’पाशी. गाठी दळून सल्फ्युरिक आम्लात घालतात आणि निकेल, तांबं, कोबाल्ट द्रावणात उतरवून घेतात, ती क्रिया. ‘निक्षालन’, ‘अपक्षालन’ दोन्ही वाचलेत. पण क्षालन म्हटलं की डोळ्यांपुढे पाय धुवायचा तांब्याच येतो. शिवाय धुताना पाण्याबरोबर जातं ते नको असतं, इथे नेमकं तेच हवंय.

*

कळकणे! कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक रात्रभर राहिलं की सकाळी तोंडात धरवत नाही. आंबटाने तांबं ओढलेलं असतं. आजी ‘कळकलं’ म्हणून ओतून द्यायची. आम्लाने धातू उतरवणं याहून वेगळं काय?

*

पण कळकतं ते ताक, पातेलं नव्हे. त्या हिशेबाने गाठी नाही, आम्ल कळकेल. आणि कळकणं म्हणजे नासणं. इथे तर तोच माल आहे. मी ‘कोळणे’ म्हणेन. चिंच भिजवून कोळली की कोळ खाली, हातात चोथा.

*

धातुकामात उमेदीची वर्षं गेली म्हणून बोलतो. कोळण्यात हाताचा जोर असतो, इथे नुसता जोर कामाचा नाही. हिंदी महासागरातल्या गाठीत मँगनीज साधारण 24 टक्के, निकेल आणि तांबं एकेक टक्क्याच्या आसपास, कोबाल्ट 0.1. हे निकेल-तांबं बरंचसं मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकात अडकलेलं असतं आणि तो नुसत्या सल्फ्युरिकला ढिम्म दाद देत नाही. त्याचा ऑक्सिजन ओढणारं कुणीतरी सोबत लागतं : सल्फर डायऑक्साइड, फेरस क्षार. मँगनीजच्या धातुकावर तर साखर कारखान्याची मळीसुद्धा वापरून पाहिलीय! नाहीतर बंद भांड्यात दाब आणि 200 अंशांच्या वर तापमान. ऑक्सिजन ओढून केलं तर पूर्ण नाव ‘क्षपणकारी आम्ल-निक्षालन’. वाचक पळेल हे कबूल. पण ‘निक्षालन’ ठेवा. ‘चोथा’ मात्र उचला, झकास आहे. आमच्या पाळीत गाळणीवरच्या त्या थराला सगळे ‘केक’च म्हणायचे.

*

थोडं अवांतर. ‘गाठी’ लिहिलंत ते बरं केलंत, कुणी ‘गोटे’ही लिहितात. गोटा झिजून गोल होतो, गाठ वाढून. शार्कच्या दातासारख्या एखाद्या कणाभोवती थरावर थर चढतात, तेही दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. आपल्याकडे पहिल्या गाठी ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी अरबी समुद्रातून वर काढल्या. ते जहाज गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं. भारताचं आजचं 75,000 चौरस किलोमीटरचं क्षेत्र मात्र मध्य हिंदी महासागरात, पाच हजार मीटरहून खोल. गाठीला ‘ग्रंथिका’ म्हटलं की मला आपला गळा चाचपावासा वाटतो.

*

ठरलं. पहिल्यांदा ‘आम्लात धातू उतरवणे, म्हणजे निक्षालन’, पुढे नुसतं निक्षालन. उरतो तो चोथा. आता धातू उतरलेल्या द्रावणाचं बघा. इंग्रजीत त्याला चक्क ‘प्रेग्नंट’ म्हणतात. ‘गर्भार द्रावण’ लिहिलं आणि लगेच खोडलं.

*

‘भरलं द्रावण’ लिहा. भरल्या वांग्यासारखं.