बॉक्सिंगच्या सरावाची रिंग : दोर सैल पडतात, काय करावं?

प्रश्न : हॉलमध्ये रिंग बसवली आहे. खेळाडू पाठीने रेलला की वरचे दोन दोर फाकतात आणि तो बाहेर कलंडतो. मापं काय ठेवायची?

उत्तर १ : आधी स्पेसर आहेत का ते बघा. प्रत्येक बाजूला चारही दोरांना जोडणाऱ्या कॅनव्हासच्या दोन उभ्या पट्ट्या लागतातच. त्या नसल्या की दोर कितीही ताणा, फाकणारच. हौशी स्पर्धेचं माप : दोरांच्या आत ६.१० मीटर चौरस, दोर ४ सेंमी जाड, उंची ४०, ७०, १०० आणि १३० सेंमी.

उत्तर २ : ताणताना एकच कोपरा शेवटपर्यंत आवळू नका, खांब आत झुकतो. समोरासमोरचे टर्नबकल (दोर खांबाला ताणून धरणारे फिरवायचे स्क्रू) आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. नवा दोर सुरुवातीला लांबतोच, पुन्हा आवळावा लागेल. टर्नबकलवर गादी हवीच. उघडं लोखंड भुवई फोडतं.

उत्तर ३ : कोपरे रंगवताना लाल आणि निळा कर्णात, उरलेले दोन पांढरे. प्रतिस्पर्धी खाली पडला की पांढऱ्यात जायची सवय सरावातच लागते. आणि रिंगच्या जमिनीवरच्या कॅनव्हासला सुरकुती राहू देऊ नका, घोटा तिथेच मुरगळतो.